‘मी गेलो’ की ‘मी गेले’: सोलापुरातल्या एका समुपदेशनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

क्लायंट २३ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं घर. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. आई घरी बिड्या वळते, वडील यंत्रमागावर, मोठा भाऊ रिक्षा चालवतो. बारावीनंतर कॉम्प्युटरवर जॅकार्ड डिझाइन (कापडात विणायची नक्षी ग्राफवर मांडणं) शिकून ते एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन खात्यात लागले. ग्राफवरचा एक चौकोन चुकला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही, अशी त्यांची कामावर ख्याती.

जन्मदाखल्यावर ‘स्त्री’ अशी नोंद. या लेखात त्यांच्यासाठी ‘ते’ वापरलं आहे, कारण त्यांनी तसं सांगितलं. ते ऑटिस्टिक आहेत, म्हणजे त्यांच्या मेंदूची घडण वेगळी आहे, हे निदान पुढे झालं. लेख त्यांनी वाचला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना समुपदेशकाकडे आणलं आईनं. तिचं मागणं स्वच्छ होतं: “मॅडम, संध्याकाळी घरी आली की बोलतच नाही. भिंतीकडं तोंड करून बसते. गड्ड्याच्या वेळी पाहुणे येणारेत, तेव्हाच मुलगाही बघून जाणार आहे. तेवढं समजावून सांगा.” गड्डा म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा.

यामागची गोष्ट सातव्या भेटीत कळली, पण धागा लागावा म्हणून इथंच सांगतो. एकोणिसाव्या वर्षी एका मैत्रिणीशी झालेलं चॅट घरच्यांनी वाचलं. तीन आठवडे खोलीला बाहेरून कडी. एका दवाखान्यातून गोळ्या आणल्या. कशाच्या, ते सांगितलं नाही. मग ‘बाहेरचं’ उतरवायला एका ठिकाणी नेलं आणि उदाच्या धुरात दोन तास बसवलं. पहिल्या दिवशी समुपदेशकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

अडचण

पहिली भेट वाया गेली. बाहेरच्या खोलीत गणपतीपुढे अगरबत्ती लावलेली होती, आत ट्यूबलाइट फडफडत होती. क्लायंट खुर्चीत बसले आणि वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. समुपदेशकांनी वहीत लिहिलं, ‘सहकार्य कमी, विरोध असावा.’ आम्ही हे वाक्य मुद्दाम इथं ठेवलं आहे. गोठून जाणं आणि विरोध करणं बाहेरून सारखंच दिसतं, आणि घाईत आपण सोयीचा अर्थ घेतो. त्यांनी त्या दिवशी एक गोष्ट मात्र बरोबर केली. भेट लांबवली नाही आणि उठताना विचारलं, “पुढच्या वेळी लिहून बोलायचं का?” क्लायंटनी मान हलवली.

दुसऱ्या भेटीत दोघं एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं टाइप करत बसले. दिवा बंद, खिडकी उघडी, पंखा दोनवर, खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात, क्लायंटची दाराजवळ. ‘उद नको’ एवढंच त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं. अगरबत्ती त्या दिवसापासून बंद झाली. का नको, ते विचारलं नाही.

पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर १७ गुण आले. आकड्यानुसार नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. पण दोन प्रश्नांचे गुण कशाचे होते? भूक कमी असं दिसत होतं, कारण ते रोज कडक भाकरी आणि शेंगा चटणी एवढंच खातात. तोंडाला कसं लागेल ते आधी माहीत असतं म्हणून. बोलणं-हालचाल मंदावते, कारण संध्याकाळी आवाजच फुटत नाही. नैराश्य खरंच होतं, पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं.

नववा प्रश्न, जीव नकोसा वाटण्याचा, तोंडी विचारताना समुपदेशकांनी घोळ केला. “तुम्हाला जगावंसं वाटत नाही का?” “हो.” म्हणजे वाटतं, की वाटत नाही? शब्दशः अर्थ घेणाऱ्या माणसाला नकारार्थी प्रश्न विचारला की उत्तराचा भरवसा राहत नाही. मग कागदावर सरळ लिहिलं: ‘गेल्या दोन आठवड्यांत स्वतःचा जीव घ्यायचा विचार आला का? हो / नाही / आत्ता सांगायचं नाही.’ उत्तर ‘हो’. तयारी किंवा ठरवणं यातलं काही नव्हतं, तेही तसंच एकेक प्रश्न लिहून विचारलं.

त्याच बैठकीत सुरक्षेचं कार्ड केलं: कोणत्या खुणा दिसल्या की समजायचं, एकट्यानं काय करायचं, कुठं जाऊन बसायचं, कोणाला कळवायचं. खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर. मग लक्षात आलं की वाईट वेळी या माणसाला बोलताच येत नाही, तर फोन करून काय होणार? म्हणून कामावरच्या एका मैत्रिणीशी आधीच ठरवलं: व्हॉट्सॲपवर फक्त ‘ग्राफ’ हा शब्द आला की तिनं घरी यायचं आणि गरज पडली तर १४४१६ वर तिनंच बोलायचं.

भाषेचा धागा

चौथ्या भेटीनंतर समुपदेशकांनी लॅपटॉपवरचा मजकूर परत वाचला आणि एक विचित्र गोष्ट दिसली. चार पानांत क्लायंटनी स्वतःविषयी एकदाही ‘मी गेले’, ‘मी बसते’ असं लिहिलं नव्हतं. ‘गेलो’ही नाही. त्यांची सगळी वाक्यं अशी: ‘मी उद्या येईन.’ ‘मी भात खाल्ला.’ ‘जेवण झालं.’ ‘मला बसवत नाही.’

मराठीत बोलणाऱ्याचं लिंग क्रियापद सांगून टाकतं, पण सगळीकडे नाही. भविष्यकाळात ‘मी जाईन’ सगळ्यांचं एकच. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. ‘मी भात खाल्ला’ कोणीही म्हणावं. ‘मला वाटतं’, ‘माझ्याकडून राहिलं’ यांतही सुटका आहे. अडतं ते ‘मी येतो/येते’, ‘मी बोललो/बोलले’, ‘मी विसरलो/विसरले’ इथं. क्लायंट कित्येक वर्षं या फटींमधून वाट काढत बोलत होते. तेलुगूत ‘मी’च्या क्रियापदाला लिंग लागत नाही, त्यामुळे घरात स्वतःबद्दल बोलताना ही कसरत नव्हती. ती होती शाळेत, बँकेत, कारखान्यात आणि समुपदेशकासमोर.

इथं पहिला निर्णय आला: हे बोलून दाखवायचं का? “तुम्ही पुरुष आहात का?” असं थेट विचारणं म्हणजे इतक्या वर्षांचा आडोसा एका झटक्यात काढून घेणं. काहीच न बोलणं म्हणजे त्यांना तीच कसरत करत ठेवणं. समुपदेशकांनी आधी स्वतःचं बोलणं बदललं. ‘तू आलीस’ सोडून ‘तुम्ही आलात’. हे रूप दोघांनाही चालतं. ‘तुम्ही गेला होतात / गेल्या होतात’ इथं मात्र पाय घसरतो, म्हणून ‘कधी गेलात?’ दोन भेटींनंतर कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या: ‘गेलो / गेले / दोन्ही नको / अजून ठरलं नाही. इथं कोणतंही चालेल, कधीही बदलता येईल, घरी कळणार नाही.’

क्लायंटनी ‘गेलो’वर बोट ठेवलं, मग काढलं, मग परत ठेवलं. त्याच्या पुढच्या, सातव्या भेटीत कोंडून ठेवल्याची हकीकत त्यांनी टाइप केली. पूर्ण पुल्लिंगात.

श्वासाचा त्रास

ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर सांगतो. कारखान्यात मागाच्या शेडजवळ असताना छातीत दाबल्यासारखं होतं, श्वास पुरत नाही, हात थंड पडतात, असं क्लायंटनी सांगितलं होतं. समुपदेशकांना ते पॅनिक वाटलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी नेहमीची रीत वापरली: डोळे मिटा, पोटापर्यंत खोल श्वास घ्या, शरीरात कुठं काय जाणवतं ते पाहा. दोन मिनिटांत क्लायंटना गरगरलं आणि ते उठून बाहेर गेले.

कारणं तीन होती. एक, डोळे मिटून बसवणं हे त्या धुराच्या खोलीत झालेलं होतं. दोन, शरीराच्या आतल्या खुणा वाचणं त्यांना जमत नाही. ऑटिस्टिक लोकांपैकी अनेकांना भूक, घाम, भीती वेगवेगळी ओळखता येत नाही, आणि ‘काय जाणवतं?’ या प्रश्नानंच धसका बसतो. तिसरं कारण सहाव्या भेटीत लिहून आलं: छाती सपाट दिसावी म्हणून ते सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत क्रेप बँडेज आवळून बांधत. ऑक्टोबरच्या उन्हात, शर्टाच्या आत, बारा तास.

लवचिक क्रेप बँडेज श्वासागणिक आवळत जातं. फासळ्यांना जागाच उरत नाही. अशा छातीला ‘खोल श्वास घ्या’ सांगणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. त्याच आठवड्यात एका स्त्री डॉक्टरकडून छाती तपासून घेतली. फासळीजवळ दुखत होतं, मोडलेलं काही नव्हतं. पुढचे नियम एका कागदावर उतरवले: क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी कायमची बंद, मापाची घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाड, सैल शर्ट, कोणतंही आवळणारं कापड आठ तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना नाही, दुखलं, मुंग्या आल्या किंवा दम लागला की लगेच काढायचं, उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की त्या दिवशी फक्त सैल शर्ट. श्वासाचा त्रास पुष्कळ कमी झाला. उरला तो शेडच्या आवाजाचा.

आवाजाचं कोडं क्लायंटनी स्वतः सोडवलं. ‘० ते १०’ मध्ये मनःस्थिती सांगा म्हटलं की ते अडखळत. त्यांनी सूतखात्यातलं शेडकार्ड (सुताच्या रंगछटांचा तक्ता) आणलं आणि कोणता रंग म्हणजे कोणती अवस्था ते ठरवलं: फिकट राखाडी म्हणजे बोलता येतं, गडद राखाडी म्हणजे फक्त लिहिता येतं, काळा म्हणजे दोन्ही नाही. मग ग्राफ कागदावर अर्ध्या तासाला एक चौकोन असा महिनाभराचा आठवडावार नमुना भरला. शेडमध्ये दोन तासांहून जास्त गेलेल्या दिवशी संध्याकाळ काळी. जवळजवळ प्रत्येक वेळी. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. आईला दिसणारं ‘भिंतीकडं तोंड’ म्हणजे दिवसभराच्या माऱ्यानंतरचं शटडाऊन, म्हणजे थकून बोलणंच बंद पडणं, होतं.

पुढ्यातले पर्याय

डिसेंबर उजाडला. बघण्याचा कार्यक्रम महिन्यावर. तीन वाटा होत्या.

पहिली, घरी सगळं सांगायचं. समुपदेशकांना ही वाट धोक्याची वाटली, कारण घरानं एकदा कडी लावलेली होती. दुसरी, पुण्याला निघून जायचं. क्लायंट सज्ञान, पगार स्वतःचा. कायद्यानं कोणी अडवू शकत नाही. पण अनोळखी शहर, नवी खोली, नवे आवाज हे सगळं एकाच आठवड्यात सोसणं त्यांच्यासाठी फार जड होतं, आणि आईला सोडायचं नाही असं ते ठामपणे म्हणत होते. तिसरी, खरं पण अर्धं कारण सांगून लग्नाचा विषय वर्षभर थांबवायचा.

मध्येच एका डॉक्टरांचं मत आलं: ऑटिझम असेल तर जेंडरचा, म्हणजे लिंगभावाचा (स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही मानण्याचा) गोंधळ त्यातूनच आलेला असणार, आधी तो नीट करा. हे मत अनेक ठिकाणी ऐकू येतं. सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रान्स आणि जेंडर-विविध (जन्मनोंदीपेक्षा वेगळा लिंगभाव असलेल्या) लोकांमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांपेक्षा तीन ते सहा पट आढळलं. दोन्ही गोष्टी बरोबर आढळतात, पण एक दुसरीचं कारण आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. समुपदेशकांनी तिन्ही धागे वेगळे ठेवले: ऑटिझम, लिंगभाव, आघात. एकानं दुसऱ्याला खोटं ठरवायचं नाही, असं त्यांच्या नोंदवहीत ठळक लिहिलेलं आहे.

आईचा आग्रह तिकडे वाढत होता: “परत त्या गोळ्या चालू करू का? आणि आत काय बोलते ते तरी सांगा.” मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि समाजाच्या नैतिक चौकटीत न बसणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असंही त्यात आहे. लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलायचे ‘उपचार’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहेत. हे सगळं आईला कलमं वाचून दाखवण्यानं काही साधलं नसतं. “ते जे बोलतात ते त्यांच्या परवानगीशिवाय मी कुणालाच सांगत नाही, तुम्ही बोलाल तेही कुणाला सांगणार नाही,” एवढंच समुपदेशक म्हणाल्या. दुसऱ्या अर्ध्या वाक्यानं काम केलं. आई त्या दिवशी स्वतःबद्दल बोलली.

काय केलं

तिसरी वाट निवडली, दुसरीची तयारी ठेवून. तयारी म्हणजे: आधार कार्ड, मार्कशीट आणि पासबुक मैत्रिणीकडे, स्वतःच्या मोबाइल नंबरचं नवं बँक खातं (आधीच्या खात्याला भावाचा नंबर जोडलेला होता), पुण्यातल्या एका राहण्याच्या जागेची चौकशी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करता येईल का, हेही समजावून सांगितलं. क्लायंटनी नको म्हटलं. तो विषय तिथंच सोडला.

ऑटिझमचं निदान समुपदेशकाच्या हातात नसतं. पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दोन फेऱ्या झाल्या. इथं पेच होता. प्रौढ वयातल्या निदानासाठी लहानपणाची माहिती लागते, आणि ती आईकडेच होती. आईला काय सांगून न्यायचं? क्लायंटनी स्वतः तीन वाक्यं लिहिली आणि समुपदेशकांनी ती जशीच्या तशी आईला वाचून दाखवली: ‘आवाज, गर्दी आणि स्पर्श यांचा त्रास माझ्या मेंदूच्या घडणीमुळे होतो, त्याची तपासणी करायची आहे. लग्नाचा विषय एक वर्ष नको. कोंडणं, धूर, न सांगता गोळ्या पुन्हा कधीच नको.’

तिसरं वाक्य ऐकून आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, लहानपणी गड्ड्याला होम मैदानावर नेलं होतं तेव्हा पाळण्याचा भोंगा वाजला आणि पोर एका दुकानाच्या पडद्याखाली जाऊन बसलं, तासभर सापडलंच नाही. “आम्ही तेव्हा मारलं होतं.” समुपदेशकांनी तिला थांबवलं नाही, समजूतही घातली नाही.

आईशी बोलताना समुपदेशकांनी ‘मुलगी’ हा शब्द कटाक्षानं टाळला आणि ‘लेकरू’ वापरला. मराठीत लेकरू नपुंसकलिंगी, आणि त्यात मायाही आहे. “लेकरू थकून येतं, तासभर त्याच्याशी कुणी बोलू नका.” आईनं शब्द उचलला.

रोजच्या पातळीवर: शेडमध्ये जाताना फोमचे इअरप्लग; शेडची फेरी रोज एकच, सकाळी; घरी आल्यावर एक तास दिवा बंद. भेटी पंचेचाळीस मिनिटांच्या, उन्हाळ्यात सकाळी साडेआठला, आदल्या दिवशी चार ओळींत विषय लिहून. आघाताची हकीकत उकरून काढण्याचं काम मुद्दाम हाती घेतलं नाही. खुणा तेवढ्या धरल्या: उदाचा वास आणि कडीचा आवाज. घरातल्या खोलीची बाहेरची कडी आईनं जानेवारीत स्वतः काढून टाकली.

काय झालं

अकरा महिन्यांत बावीस भेटी झाल्या. पुण्याच्या तपासणीत ऑटिझमचं निदान पक्कं झालं. दिव्यांग प्रमाणपत्र सध्या नको, असं क्लायंटनी ठरवलं. त्यांच्या ग्राफवर काळ्या संध्याकाळी आठवड्याला पाचवरून एक-दोनवर आल्या. पीएचक्यू-९ आठवर. जीव देण्याचा विचार शेवटच्या तीन महिन्यांत आलेला नाही. कार्ड मात्र पाकिटात आहे आणि ‘ग्राफ’ हा निरोप एकदा गेला, मैत्रीण आली.

कामावर सगळे आडनावानं हाक मारतात, ते त्यांना आवडतं. ‘मी आलो’ ते अजून फक्त त्या खोलीत आणि मैत्रिणीशी म्हणतात. घरी लिंगभावाबद्दल काही सांगितलेलं नाही.

बघण्याचा कार्यक्रम टळला. पण वर्ष संपत आलं तशी मावशी म्हणू लागली, “आता बरं झालंय ना, मग बघायला काय हरकत?”

वेगळं काय करता आलं असतं

मावशीचा प्रश्न हा तिसऱ्या वाटेचाच परिणाम. लग्न थांबवण्याचं कारण ऑटिझम असं घरात बसलं, आणि संध्याकाळी सुधारल्यावर ते कारण संपलं असं घराला वाटणं साहजिक होतं. दुसरं वाक्य नुसतं ‘लग्न मला नको आहे, कधी हवं वाटलं तर मी सांगेन’ असं ठेवलं असतं तर वर्षाची मुदत घरच्यांच्या हाती गेली नसती. शिवाय ऑटिस्टिक माणूस लग्नाला नालायक, असा चुकीचा अर्थही त्यातून निघतो. आता हे वाक्य नव्यानं मांडण्याचं काम चालू आहे.

वडिलांना एकदाही बोलावलं नाही. आई मवाळ, वडील कडक, असं सुरुवातीला गृहीत धरलं गेलं. कडी कोणी लावली होती, हे कुणीच विचारलं नव्हतं. ती मोठ्या भावानं लावली होती, आणि वडिलांनी विरोध केला होता, हे दहाव्या महिन्यात कळलं. घरातला एक आधार इतके दिवस बाजूलाच राहिला.

पहिल्या महिन्यात भेटीची आठवण करून देणारा मेसेज भावानं वाचला आणि दोन दिवस घरात वाद झाला. कुठल्या नंबरवर, कोणत्या शब्दांत निरोप पाठवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरायला हवं होतं.

आणि श्वास. क्रेप बँडेजचा उलगडा व्हायला सहा भेटी लागल्या, कारण कोणी कपड्यांबद्दल विचारलंच नाही. त्या केंद्राच्या पहिल्या फॉर्मवर आता पाच प्रश्न जादा आहेत, सगळ्यांसाठी, उत्तर ऐच्छिक: कोणता वास, आवाज, उजेड नको? बोलणं, लिहिणं की दोन्ही? तुमच्याबद्दल बोलताना कोणतं क्रियापद वापरू? निरोप कोणत्या नंबरवर, कोणत्या शब्दांत? अंगावर दिवसभर काही आवळून बांधता का, किती तास?